तेविसावा गोल

सव्वीस शाळा, बाई एक.
अकरा महिन्यांची ऑर्डर, दरवर्षी नवी.
स्कूटीच्या डिकीत भिंगं, जाड रेघांच्या वह्या,
घडी घालता येणारी तिरकी पाटी
आणि फॉर्मचा गठ्ठा :
प्रकार एक ते एकवीस, योग्य तिथे खूण करा.

भाळवणीच्या विश्वतेजपुढे मी खूण केली, अल्पदृष्टी.
शेऱ्यासाठी खाली दोन ओळी होत्या, सहसा कोऱ्याच जातात.
तिथं लिहिलं :
एसटीत कंडक्टरचं नुसतं ऐकून
विट्याला उतरेपर्यंत
अख्ख्या गाडीचा गल्ला सांगतो, रुपयाचा फरक नाही.
तालुक्याचे साहेब म्हणाले,
"छान आहे. पण हे कुठल्या रकान्यात भरू?"

त्याचे वडील सेलमला, गलाईच्या दुकानात.
आयुष्य कसात गेलेलं, किती सोनं, किती तांबं.
फोनवर विचारलं, "दाखल्यावर किती टक्के आलं, बाई?"
म्हटलं, पंचाहत्तर.
भट्टीचा आवाज येत राहिला थोडा वेळ.
मग म्हणाले,
"गेली ती, का राहिली ती?"

आठवीची शिष्यवृत्ती. लेखनिक पाहिजे,
एक इयत्ता खालचा, असा नियम.
शेंडगे सरांनी सातवीच्या मागच्या बाकावरून
तमन्ना मुलाणीला उठवलं.
"अक्षर बरं आहे हिचं. बाकी काय नाही."
आई मागावर कांड्या भरते, ही घरी धाकट्याला बघते,
आठवड्यातनं तीन दिवस शाळा.
मी तिला समजावलं, अगदी नीट :
तू वाचायचं. तो सांगेल तो गोल काळा करायचा.
तू म्हणजे हात. फक्त हात.
डोकं घरी ठेवून ये.

ती मान हलवून हो म्हणाली.

विट्याचं केंद्र. जिन्याखालची खोली,
तासाला वीस मिनिटं जादा.
मला आत सोडत नाहीत. बाहेर नळापाशी उभी राहिले,
खिडकीतून तिचं पुटपुटणं, त्याचं "दोन", त्याचं "चार",
आणि बॉलपेनची ती खरखर, गोल गोल,
मांजर भांडं चाटतंय तशी.
एकदा खरखर उशिरा सुरू झाली.
मी घड्याळ बघितलं आणि विसरून गेले.

स्टँडवर रस पाजला दोघांना.
तमन्नाचा ग्लास तसाच.
"बाई, तेविसावं चुकलं. तीन न्हाई, दोन होतं."
मग?
"त्यानं तीन सांगितलं. मी तीन केलं."
आणि विश्वतेज, तळाचा बर्फ दाताखाली फोडत,
"म्हायतीय मला. हिचं पेन थांबलं, तवाच कळलं."
अरे, मग बदलायचं होतंस!
त्यानं चेहरा माझ्या आवाजाकडे वळवला,
मीच पेपरात काहीतरी सोपं चुकल्यासारखा.
"दोन तिचं होतं, बाई. माझं न्हवतं."

लेंगऱ्याची गाडी लागली. ती दोघं उठली,
तिनं त्याची पिशवी घेतली नाही, हात धरला नाही,
फक्त "पायरी" म्हणाली, तीही एकदाच.

रात्री फॉर्म काढला, कोरा.
नाव, इयत्ता, आईचा व्यवसाय.
एक ते एकवीस पुन्हा वाचले, वरून खाली,
खूण करायला जागा नाही. हिला तर काहीच झालेलं नाही.
आणि मी सांगितलं होतं, डोकं घरी ठेव.
ती घेऊनच आली होती,
दोन तास मांडीवर धरून बसली,
रडू दिलं नाही त्याला.

शेऱ्याच्या ओळीत लिहिलं :
हिचं पेन थांबतं.

साहेब विचारतील.
विचारू देत.